वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे चार्जिंग नेमके कुठे अडते?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. गाडी जुनी आहे, बॅटरी वारंवार उतरते आणि दोष नेमका कशात आहे हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पुढील सर्व आकडे बारा व्होल्टच्या, आम्ल व पाणी असलेल्या नेहमीच्या बॅटरीचे आहेत, आणि साधन म्हणून एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. आपल्या गाडीच्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

प्रश्न : माझी गाडी वीस वर्षांहून अधिक जुनी आहे. वर्षभरात दोनदा बॅटरी बदलली. नवी बॅटरी काही आठवडे व्यवस्थित चालते आणि मग सकाळी स्टार्टर नुसताच कण्हतो. आता अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो बदलण्यापूर्वी दोष बॅटरीचा, अल्टरनेटरचा की वायरिंगचा, हे मला घरच्या घरी ठरवता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते ठरवल्याशिवाय एकही भाग बदलू नये. आपल्या दोन्ही बॅटऱ्या बहुधा मुळात चांगल्याच असाव्यात. नवी बॅटरी दुकानातून भरून येते आणि त्या शिदोरीवर गाडी काही दिवस सुरू होत राहते. या काही दिवसांमुळेच दुरुस्ती झाल्याचा भास होतो. चार्जिंग अपुरे असेल तर बॅटरी दररोज थोडी थोडी रिकामी होत जाते, अर्धवट भरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात, आणि मग ती खरोखरच निकामी होते. तोपर्यंत मूळ दोषाकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

पहिले माप गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, दार किंवा बॉनेट उघडल्याने लागणारे दिवे विझलेले असताना घ्यावे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्ट किंवा अधिक असतील तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच थांबवून हे माप घेतले तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावरच्या तात्पुरत्या भारामुळे आकडा फुगलेला दिसतो आणि आपली फसगत होते. भरूनही आकडा साडेदहाच्या आसपासच राहत असेल, तर सहापैकी एक सेल गेला आहे असे समजावे, कारण प्रत्येक सेलचा वाटा सुमारे २.१ व्होल्टचा असतो.

दुसरे माप स्टार्टर फिरत असतानाचे. यासाठी दुसऱ्या कोणी चावी फिरवावी आणि आपण मीटरवर नजर ठेवावी. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज या काळात ९.६ च्या खाली जाऊ नये. तो त्याखाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर जास्त प्रवाह ओढतो आहे. मात्र व्होल्टेज अकराच्या वर टिकून असताना स्टार्टर मंद फिरत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. ताकद वाटेत, म्हणजे वायरिंगमध्ये, क्लॅम्पमध्ये किंवा खुद्द स्टार्टरमध्ये अडते आहे. हे माप घेताना मीटरचे प्रोब शिशाच्या टोकांवरच टेकवावेत, त्यांवर बसवलेल्या क्लॅम्पवर टेकवू नयेत. नंतर मुद्दाम एक प्रोब टोकावर आणि दुसरा त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून पुन्हा स्टार्टर फिरवावा. या दोहोंमध्ये अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी वरून स्वच्छ दिसणारा तो सांधा आतून काळा पडला आहे हे निश्चित.

तिसरे माप इंजिन चालू असतानाचे. गरम इंजिन मिनिटाला दीड ते दोन हजार फेऱ्यांवर धरले असता बॅटरीवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आता हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही सुरू करावा. आकडा थोडा उतरणे स्वाभाविक आहे, पण या गतीला तो १३.२ च्या वर राहिला पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.३ दिसत असेल आणि तोही हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी निव्वळ बॅटरीवर चालली आहे.

इथपर्यंत बरेच जण येतात, आणि आकडा कमी दिसला की अल्टरनेटर उतरवतात. माझा आग्रह असा की, त्याआधी आणखी पाच मिनिटे द्यावीत. सर्व दिवे चालू ठेवून इंजिन त्याच गतीवर धरावे, आणि मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या मागील जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे बी प्लस टर्मिनलवर, तर दुसरा बॅटरीच्या धन टोकावर ठेवावा. मीटर आता त्या संपूर्ण वाटेत हरवणारा व्होल्टेज दाखवतो. तो ०.३ च्या आत असावा. मग एक प्रोब अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावा, इथे ०.२ च्या वर काही दिसू नये. अल्टरनेटर आपल्या जागी १४.४ व्होल्ट देत असताना बॅटरीपर्यंत १३.१ च पोहोचत असतील, तर नवा अल्टरनेटर बसवूनही तेच १३.१ दिसणार.

हा दोष मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर का सापडत नाही, असे अनेक जण विचारतात. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०३ ओहम असला तरी चाळीस अँपिअर प्रवाहाला तो १.२ व्होल्ट गिळतो आणि जवळपास ५० वॅट उष्णता त्याच सांध्यात निर्माण करतो, पण ०.०३ ओहम हा आकडा साध्या मीटरला स्वतःच्या वायरींच्या रोधापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून प्रवाह वाहत असतानाच व्होल्टेजची घट मोजावी लागते. सांधा हाताला गरम लागणे हीही एक साक्षच आहे.

अर्थच्या, म्हणजे बॉडीमार्गे परतणाऱ्या प्रवाहाच्या, बाजूची घट जास्त आढळली तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाळीदार पट्टी प्रथम पाहावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी खरी विद्युत वाट ही पट्टीच असते. ती तुटली किंवा तिच्या बोल्टखाली गंज चढला, की प्रवाह ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि स्टार्टर फिरवताना ती केबल चक्क तापते. असा अनुभव आपल्याला आला असेल तर निदान तिथेच संपले.

शेवटी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट. त्याच्या मधल्या भागावर अंगठ्याने जोर दिला असता तो साधारण १० मिलिमीटर दबावा. अधिक सैल असेल तर भार पडताच घसरतो, आणि फारच ताणला तर अल्टरनेटरचे बेअरिंग खातो. जुन्या व्ही आकाराच्या बेल्टबाबत एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: बेल्टची पकड पुलीच्या दोन्ही उतरत्या भिंतींवर असते, तळाशी त्याचा स्पर्शही होऊ नये. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तर बेल्ट झिजून खाली बसला आहे, आणि तो कितीही ताणला तरी घसरणारच.

या सर्व तपासण्यांत बी प्लस टर्मिनलवरच व्होल्टेज कमी मिळाला, तरच अल्टरनेटरला दोषी धरावे. त्यानंतर अल्टरनेटर दुरुस्त करा किंवा बदला, पण रिकामी बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकले, की तो पहिल्याच दिवशी तासन्‌तास कमाल भारावर तापत राहतो.

प्रश्न : डॅशबोर्डवरचे जुने बल्ब काढून मी सगळीकडे एलईडी बसवले. तेव्हापासून सकाळी इंजिन सुरू केल्यावर बॅटरी चार्ज होत नाही; एकदा जोरात रेस केले की १४.२ व्होल्ट येतात आणि मग दिवसभर सगळे सुरळीत चालते. हा निव्वळ योगायोग आहे का?

उत्तर : हा योगायोग नाही. जुन्या गाड्यांतील बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा केवळ सूचना देत नाही. अल्टरनेटर जागा करण्याचे कामही तोच करतो. अल्टरनेटरमध्ये फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक असतो, आणि वीज निर्माण होण्यासाठी आधी त्याला थोडा प्रवाह मिळून तो चुंबक व्हावा लागतो. चावी फिरवताच हा प्रवाह इग्निशनकडून लाल दिव्यातून, तिथून अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलमार्गे रोटरच्या गुंडाळीत जातो. इंजिन फिरू लागले आणि अल्टरनेटर स्वतःची वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो, दिव्यातून प्रवाह वाहायचे कारण उरत नाही आणि तो विझतो.

मूळचा ३ वॅटचा बल्ब रोटरला सुमारे पाव अँपिअर देत होता. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही देत नाही. मग रोटरच्या लोखंडात उरलेल्या क्षीण चुंबकत्वावर भिस्त राहते. डायोडना, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या अल्टरनेटरमधील भागांना, वाहू लागण्यासाठीच प्रत्येकी ०.६ ते ०.७ व्होल्ट लागत असल्याने, गती बरीच वाढेपर्यंत ते चुंबकत्व पुरे पडत नाही. एकदा मात्र यंत्रणा जागी झाली की ती आपला प्रवाह आपणच पुरवते. आपण रेस केल्यावर नेमके हेच घडते.

उपाय सोपा आहे. त्या एका जागी मूळच्याच वॅटचा तारेचा बल्ब परत बसवावा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ५० ओहमचा रोधक जोडावा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो सुमारे ३ वॅट उष्णता सोसतो, म्हणून किमान ५ वॅटचा घ्यावा आणि प्लॅस्टिकला टेकू देऊ नये. काही गाड्यांत असा रोधक मुळातच दिलेला असतो आणि पुढच्या काळातील गाड्यांत हा दिवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतो. तिथे ही तक्रार उद्भवत नाही.

याच दिव्याबद्दल आणखी एका वाचकांनी विचारले आहे की, रात्री हेडलाइट लावले की तो अगदी मंद का तेवतो. त्याचे उत्तरही वरच्या वर्णनातच आहे. दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला की दिवा तेवतो, आणि फरक कोणत्या दिशेचा आहे याचे त्याला सोयरसुतक नसते. डी प्लसला वीज पुरवणारे तीन लहान डायोड बिघडले तर अल्टरनेटरची बाजू खाली येते. इग्निशन स्विचचा किंवा फ्यूज बॉक्सचा संपर्क जळका असेल, अथवा बी प्लसच्या जाड वायरीत घट असेल, तर दुसरी बाजू खाली येते. इंजिन चालू ठेवून डी प्लस, बी प्लस आणि बॅटरी या तिन्ही ठिकाणी व्होल्टेज मोजले की वेगळा पडणारा बिंदू लगेच दिसतो. चावी काढून घेतल्यावरही दिवा मंद तेवत असेल तर मुख्य डायोडपैकी एक शॉर्ट झालेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी ऋण वायर काढून ठेवावी, अन्यथा सकाळी बॅटरी रिकामी मिळेल. आणि चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच लागत नसेल, तर आनंद मानू नये. बल्ब उडाला आहे, वायर तुटली आहे किंवा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश संपले आहेत.

प्रश्न : इंजिन चालू असताना बॅटरीची एक वायर काढावी, इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर चांगला, अशी एक चाचणी मला एका अनुभवी गृहस्थांनी सांगितली. ती करावी का?

उत्तर : कदापि करू नये. अल्टरनेटर वीस-तीस अँपिअर देत असताना बॅटरी अचानक दूर केली तर तो प्रवाह जायला जागा राहत नाही. रोटरचे चुंबकत्व एका क्षणात मावळत नाही, आणि तेवढ्या वेळात वायरिंगमधील व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतो. अल्टरनेटरचे डायोड, व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट असल्यास तोही त्यात बळी पडू शकतो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि वायर काढताना ठिणगी त्याच्याजवळच पडते. एवढे करून मिळणारी माहितीही निरुपयोगी, कारण इंजिनाला स्वतःपुरते थोडेच अँपिअर लागतात आणि अर्धा निकामी झालेला अल्टरनेटरही तेवढे देऊ शकतो. अल्टरनेटरपूर्वीच्या डायनॅमोच्या काळात ही युक्ती खपून जात असे; त्या गृहस्थांचा अनुभव बहुधा त्याच काळातला असावा.

प्रश्न : चालू गाडीत १४.१ व्होल्ट मिळतात, बेल्ट नवा आहे, बॅटरीही तपासून घेतली आहे. तरीही गाडी चार दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. रोज वापरली तर काहीच त्रास नाही.

उत्तर : आपले चार्जिंग ठीक आहे, गाडी बंद असताना काहीतरी वीज पिते आहे. ते किती असावे याचा अंदाज मीटर हातात घेण्यापूर्वीच बांधता येतो. आपली बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरली तर ती चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत, जवळपास रिकामी व्हायला सुमारे ०.४ अँपिअरची गळती पुरते, आणि ०.४ अँपिअर म्हणजे बरोबर ५ वॅटचा एक बल्ब. डिकीतला किंवा ग्लव्ह बॉक्समधला दिवा झाकण लावल्यावर खरोखर विझतो का, हे पाहण्यासाठी आत मोबाइलवर चित्रीकरण सुरू ठेवून झाकण लावावे. हसू येईल, पण मोजमापाची यादी सुरू करण्यापूर्वी हे करून पाहावे.

तिथे काही सापडले नाही, तर बॅटरीची ऋण वायर काढून ती वायर आणि ऋण टोक यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर जोडावा. मीटर मध्ये असताना स्टार्टर फिरवू नये आणि हेडलाइटही लावू नयेत, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. दारे बंद करून, किंवा दाराचे स्विच दाबून ठेवून, पंधरा-वीस मिनिटे थांबावे. अलार्म आणि म्युझिक सिस्टीम शांत व्हायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालण्यासारखा आहे; तो दिवसाला १.२ अँपिअर-अवर खातो आणि आपली बॅटरी अर्ध्यावर यायला अडीच-तीन आठवडे लागतात. अधिक प्रवाह दिसला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा कोसळतो, त्याच्या शाखेवर चोर आहे. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या एखाद्या वस्तूच्या वायरीवर सापडतो, कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये क्वचितच.

सर्व फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर संशय अल्टरनेटरवर जातो, कारण त्याची जाड वायर बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीकडे जाते. गळका डायोड दिवसा बऱ्यापैकी चार्जिंग देतो आणि रात्री उलट्या दिशेने बॅटरी रिकामी करतो. गाडी उभी करून कित्येक तास झाल्यावर इंजिन थंडगार असताना एकटा अल्टरनेटर कोमट लागला, तर आणखी पुराव्याची फारशी गरज नाही. खात्रीसाठी आधी ऋण वायर काढावी, मग बी प्लसची वायर सोडवून तिचे टोक चांगले गुंडाळावे, आणि नंतर मीटरमधून ऋण बाजू पुन्हा जोडून प्रवाह मोजावा. हा क्रम बदलू नये. बी प्लसची वायर कायम जिवंत असते आणि पान्याचा बॉडीला स्पर्श झाला तर पाना वितळण्याची वेळ येते.

डायोड तपासण्याची आणखी एक रीत आहे. इंजिन चालू असताना मीटर एसी रेंजवर लावून बॅटरीवर माप घ्यावे. चांगल्या अल्टरनेटरमध्ये हा आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असतो; अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास डायोड संशयास्पद समजावेत. मात्र काही स्वस्त मीटर डीसी वीज एसी रेंजवर मोजताना भलताच मोठा आकडा दाखवतात. पंचवीस-तीस व्होल्ट दिसले तर घाबरू नये, प्रोब उलटे धरून पाहावेत. आकडा शून्याजवळ गेला तर दोष मीटरचा आहे.

प्रश्न : बॅटरीत दर पंधरा दिवसांनी पाणी घालावे लागते, हेडलाइटचे बल्ब लवकर जातात आणि बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. चालू इंजिनवर १५.३ व्होल्ट दिसतात. रेग्युलेटर बदलून झाला, फरक पडला नाही.

उत्तर : जादा चार्जिंगची ही सर्व लक्षणे आहेत, आणि रेग्युलेटर बदलूनही फरक पडला नाही हीच आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे. रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो आणि तो ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. पण तो मोजतो कुठे? अनेक जुन्या गाड्यांत, विशेषतः रेग्युलेटर अल्टरनेटरपासून वेगळा बसवलेला असेल तर, तो इग्निशन स्विच आणि फ्यूज बॉक्समधून आलेल्या वायरीवर मोजतो. या वाटेत झिजलेल्या स्विचमुळे एक व्होल्ट हरवत असेल, तर बॅटरीवर १५.३ असताना रेग्युलेटरला १४.३ च दिसतात. तो आपले काम चोख करतो आहे. त्याच्यापर्यंत पोहोचणारी बातमीच खोटी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे धन टोक आणि रेग्युलेटरचे मोजणीचे टर्मिनल यांमधील फरक मोजावा. तो ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर त्या वाटेतील सांधे एकेक करून पाहावेत. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: रेग्युलेटरची पेटी बॉडीला ज्या स्क्रूंनी बसवली आहे, त्यांच्याखाली रंगाचा थर किंवा गंज असेल तर त्याची अर्थची जोडणी कच्ची राहते आणि परिणाम तोच होतो. नवा रेग्युलेटर ताज्या रंगावर बसवल्यामुळे दोष वाढल्याचीही उदाहरणे असतात.

कडक थंडीत इंजिन नुकतेच सुरू केल्यावर १४.८ पर्यंतचा आकडा काही वेळ दिसला तर तो दोष मानू नये. अनेक रेग्युलेटर तापमान पाहून मर्यादा वरखाली करतात. वासाचे मात्र आणखी एक कारण असू शकते. बॅटरीतला एक सेल शॉर्ट झाला तर उरलेल्या पाच सेलना सहा सेलचे चार्जिंग मिळते आणि ते उकळू लागतात. प्रत्येक सेलमधील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहावे: पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ते १.२६५ ते १.२८० असते, आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी कामातून गेली. तपासताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळपास ज्योत किंवा सिगारेट नसावी.

प्रश्न : माझ्या संग्रहातील गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. सिग्नलला थांबलो आणि दिवे चालू असले की अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला जातो. डायनॅमो थकला आहे का?

उत्तर : नाही, त्याचा स्वभावच तो आहे. आयडलिंगच्या गतीला डायनॅमो बॅटरीपेक्षा अधिक व्होल्टेज देऊ शकत नाही, म्हणून कटआउट, म्हणजे डायनॅमो व बॅटरी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. याच उणिवेमुळे मोटारींनी डायनॅमो सोडला. क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर दिला आणि त्या दशकात इतरांनी तीच वाट धरली. गती वाढवल्यावर काटा अधिक बाजूला जात असेल तर आपण निश्चिंत राहावे.

जात नसेल तर डायनॅमोच्या डी आणि एफ या दोन्ही टर्मिनलच्या वायरी काढून ती टर्मिनल एकमेकांना जोडावीत, आणि जोड व बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावून इंजिनाची गती अगदी सावकाश वाढवावी. फील्डचे, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीचे, दुसरे टोक आत अर्थ केलेल्या डायनॅमोपुरतीच ही चाचणी आहे. व्होल्टेज झपाट्याने चढत गेला तर डायनॅमो चांगला आणि दोष रेग्युलेटरकडे; वीस व्होल्टच्या पुढे नेण्याचा मोह टाळावा. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर फील्डची गुंडाळी पाहावी, चार-सहा व्होल्टवर अडला तर आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी, आणि काहीच दिसले नाही तर ब्रश. कोणतीही जोडणी करण्यापूर्वी गाडीत बॉडीला जोडलेले, म्हणजे अर्थचे, टोक धन आहे की ऋण, हे बघून घ्यावे. त्या काळातील अनेक गाड्या धन अर्थच्या आहेत.

प्रश्न : अल्टरनेटर वीज देत नाही हे मोजून सिद्ध झाले. आता तो पूर्ण बदलावा की उघडून दुरुस्त करावा?

उत्तर : उतरवण्यापूर्वी एक गंमत करून पाहा. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी आणि स्क्रू ड्रायव्हरचे पाते अल्टरनेटरच्या मागील बेअरिंगजवळ न्यावे. पाते ओढले गेले तर रोटरला प्रवाह मिळतो आहे आणि दोष स्टेटरकडे, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर गुंडाळीकडे, किंवा डायोडकडे आहे. अजिबात ओढ नसेल तर लाल दिव्याची वायर, ब्रश, रेग्युलेटर आणि रोटर यांपैकी कुठेतरी वाट तुटली आहे. या चौघांत सर्वांत आधी झिजतात ते ब्रश, आणि बऱ्याच जुन्या अल्टरनेटरवर ब्रश व रेग्युलेटर मिळून एकच पेटी मागे दोन स्क्रूंवर बसवलेली असते. ती काढायला अल्टरनेटर उतरवावाही लागत नाही, फक्त आधी बॅटरीची ऋण वायर काढावी. बाहेर आलेला कार्बन पाच मिलिमीटरच्या आत उरला असेल तर तो संपला असेच धरावे.

पेटी निघालेलीच आहे तर ज्या दोन तांब्याच्या कड्यांवर ब्रश घासतात, त्यांच्यामधील रोध मोजून घ्यावा. बहुतेक अल्टरनेटरमध्ये तो दोन ते पाच ओहम असतो, आणि कडे व रोटरचा दांडा यांच्यात कोणताही संपर्क नसावा. हे दोन्ही ठीक असेल आणि कड्यांवर खोल चर पडलेले नसतील, तर नवे ब्रश बसवून आपला अल्टरनेटर आणखी बराच काळ चालेल. मी एकदा इतके सगळे तपासून, ब्रश बदलून, शेवटी पाहिले तर डी प्लसच्या प्लगमधली पिन हिरवी पडून मोडली होती. तेव्हापासून प्लग आधी काढून बघतो. रोटर तुटलेला निघाला, स्टेटरची तार जळून काळी पडली असली किंवा बेअरिंगच्या घरातच ढिलेपणा आला असला, तर मात्र पूर्ण अल्टरनेटर बदलावा, आणि बदली भाग घेताना पुलीचा व्यास व खाचांची संख्या जुन्याशी ताडून घ्यावी. पुली मोठी निघाली तर अल्टरनेटर हळू फिरतो, आणि आयडलिंगला चार्जिंग कमी पडल्याची नवी तक्रार घेऊन आपल्याला पुन्हा पत्र लिहावे लागेल.